समोरची खुर्ची

रंगमंचावर शवपेटी ठेवलेली आहे. शेजारी खुर्ची आहे, खुर्चीत काळ्या कपड्यांतली चाळिशीची बाई आहे आणि तिच्या हाती नवऱ्याचे बायबल आहे. त्यात त्याने ठिकठिकाणी ओळींखाली रेघा मारून ठेवल्या आहेत. दिवसभर समाचाराला येणाऱ्यांची रीघ आता आटली आहे, सकाळी अंत्ययात्रा निघायची आहे आणि तोवरची रात्र तिची एकटीची आहे. ती रेघ मारलेली एखादी ओळ वाचते आणि त्या ओळीचे बोट धरून नवऱ्याशी बोलू लागते. बोलता बोलता त्याचे भांडण होते, भांडणाचे गाऱ्हाणे होते आणि पहाटेकडे सरकताना गाऱ्हाण्याची कबुली होते. पेटीतला माणूस काहीच बोलत नाही. स्पेनमधल्या प्रेक्षकांनी हे दृश्य १९७९ पासून पुढची चार दशके, मध्ये खंड पडत का होईना, पाहिले, आणि त्या खुर्चीशी तिकडे ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या अभिनेत्री म्हणजे लोला एरेरा.

आडनावाची सुरुवात स्पॅनिश लिपीत ‘ह’च्या अक्षराने होते, पण स्पॅनिश माणूस तो ‘ह’ गिळून टाकतो, म्हणून एरेरा. मी ही भाषा शिकत होतो तेव्हा आमच्या शिक्षिकेने ऐकण्याच्या सरावासाठी एक चित्रपट सुचवला होता. त्यात कथानक जवळपास नाही, एका खोलीत दोन माणसे बोलत बसतात, त्यामुळे तुम्हाला सोपे जाईल, असे त्या म्हणाल्या होत्या. ते अजिबात सोपे गेले नाही. भाषा बरीचशी समजली. त्या दोन माणसांमध्ये काय चालले आहे ते समजायला मला तो तीनदा पाहावा लागला. लोलाबाईंची आणि माझी ओळख ही अशी उलट्या क्रमाने झाली. आधी त्या स्वतः म्हणून भेटल्या, नंतर त्यांची भूमिका. (आपल्याकडे नाटकातल्या थोर स्त्रियांना ‘बाई’ म्हणायची रीत आहे, ती मी इथे वापरतो आहे, त्यांच्या देशात ‘दोन्या’ म्हणतील.)

जन्म ३० जून १९३५ चा, वायादोलीद शहरातला. त्यांच्या वयाला एक वर्ष होऊन जेमतेम काही आठवडे झाले असतील तोच स्पेनमध्ये यादवी पेटली आणि वायादोलीद पहिल्या काही तासांतच बंडखोर लष्कराच्या ताब्यात गेले. म्हणजे लोलाबाईंना कळू लागले तेव्हापासून ते त्यांची चाळिशी उलटेपर्यंत देशावर एकाच माणसाची, फ्रँकोची, सत्ता होती. त्या वाढल्या ते देलिसिआस हा रेल्वेच्या आधाराने वाढलेला, रुळांनी मुख्य शहरापासून तोडलेला कामकरी लोकांचा भाग. लहानपणी त्या गायच्या, रेडिओवरच्या गाण्याच्या स्पर्धांतून पुढे आल्या आणि मग माद्रिदला गेल्या. १९५३ च्या सुमारास चित्रपटात पहिले पाऊल पडले, रेडिओ नाटके झाली, रंगभूमी मिळाली. चित्रपट मात्र त्यांना कधी फारसा मानवला नाही. त्यांच्या कारकिर्दीचा कणा नाटकाचाच राहिला आणि जी घरोघरची ओळख मिळाली ती दूरदर्शनने दिली. स्पेनच्या सरकारी वाहिनीवर १९६५ पासून ‘एस्तुदिओ उनो’ नावाचा कार्यक्रम असे, ज्यात अख्खी नाटके स्टुडिओत उभी करून दाखवत. ज्या गावात नाट्यगृहच नव्हते त्या गावातल्या लोकांनी नाटक पाहिले ते तिथे, आणि लोला एरेरा हे नाव त्यांना कळले तेही तिथेच.

लग्न झाले ते नटाशीच. दानिएल दिसेंता हे रंगभूमीवरच्या एका मातब्बर घराण्यातले होते. आजोबा होआकिन दिसेंता हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामगाराला नायक करून नाटक लिहिणारे नाटककार, वडील मानुएल नावाजलेले नट. दोन मुले झाली, नतालिया आणि दानिएल, आणि काही वर्षांतच नवरा-बायको वेगळे राहू लागले. वेगळे राहू लागले एवढेच म्हणता येते, कारण फ्रँकोच्या स्पेनमध्ये घटस्फोट नावाची गोष्ट कायद्यात नव्हती. विवाहित स्त्रीला नोकरीचा करार करायला किंवा बँकेत खाते उघडायला नवऱ्याची परवानगी लागे, आणि ही तरतूद १९७५ च्या मे महिन्यात रद्द झाली. व्यभिचार हा गुन्हा होता, तो १९७८ पर्यंत. हे सारे इथे सांगायचे कारण असे की पुढे ज्या भूमिकेने लोलाबाईंना घडवले आणि जवळजवळ मोडलेही, ती याच कायद्यांच्या सावलीत वाढलेल्या बाईची आहे.

त्या बाईचे नाव कार्मेन सोतियो. तिला जन्माला घातले मिगेल देलीबेस यांनी, आणि तेही वायादोलीदचेच. ‘सिंको ओरास कोन मारियो’ म्हणजे ‘मारियोसोबत पाच तास’ ही त्यांची कादंबरी १९६६ ची. तिचे पहिलेच पान म्हणजे वर्तमानपत्रात येते तशी चौकटीतली निधनवार्ता आहे: मारियो दिएस कोयादो, वय ४९, निधन २४ मार्च १९६६. देलीबेस सांगत की पहिल्या खर्ड्यात मारियो जिवंत होता. पण राजवटीवर, चर्चवर, ढोंगावर टीका करणारा शिक्षक नायक म्हणून उभा केला असता तर सेन्सॉरने पुस्तक अडवले असते, शिवाय तो गुणांचा पुतळाही वाटू लागला होता. म्हणून लेखकाने त्याला मारून टाकले आणि बोलायचे काम त्याच्या बायकोवर सोपवले. ती राजवटीची भक्त, चर्चची भक्त, प्रतिष्ठेची भक्त. ती मारियोला ज्या ज्या गोष्टीसाठी दोष देते ती ती गोष्ट वाचकाला त्याचा गुण वाटत जाते. सेन्सॉरला सापडेल असे एकही वाक्य नाही, कारण सगळी वाक्ये सेन्सॉरच्याच बाजूची आहेत. धूर्तपणाचा इतका निष्पाप दिसणारा नमुना माझ्या वाचनात दुसरा नाही.

तिच्या सगळ्या तक्रारींमध्ये गाडीची तक्रार पुन्हा पुन्हा येते. ‘सेआत ६००’ ही छोटी मोटार बार्सिलोनाच्या कारखान्यातून १९५७ पासून बाहेर पडू लागली, सुरुवातीची किंमत ६५,००० पेसेता, आणि बघता बघता ती स्पॅनिश मध्यमवर्गाच्या दारातली खूण झाली. ज्याच्या दारात ती नाही तो मागे राहिला. मारियो सायकलवरून शाळेत जातो, आणि कार्मेनला ते झोंबते. पहिल्या वाचनात मी हसलो होतो. प्रेताशेजारी बसून ही बाई मोटारीचे रडगाणे गाते आहे! पण गाडीच्या आडून ती जे सांगत असते ते हळूहळू वर येते. मारियोने तिच्याकडे पाहिलेच नाही. लग्नाच्या पहिल्या रात्री तो कूस बदलून झोपी गेला. त्याला जगाच्या अन्यायाची चिंता होती आणि घरातल्या बाईशी बोलायला वेळ नव्हता. शेवटी, तांबड्या गाडीतून तिला नेणाऱ्या जुन्या ओळखीच्या पाकोबद्दल ती जे कबूल करते ते घडता घडता राहिलेले आहे, आणि तरीही तिचा जीव त्यात अडकलेला आहे. ती प्रेताजवळ क्षमा मागते, आणि क्षमा करणारा तोंड उघडत नाही.

नाटक झाले १९७९ मध्ये. २६ नोव्हेंबर रोजी माद्रिदच्या मार्किना नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. निर्माते होसे सामानो, दिग्दर्शिका होसेफिना मोलिना, संगीत लुईस एदुआर्दो आउते यांचे, आणि रंगांतरात स्वतः देलीबेस यांचाही हात होता. फ्रँको जाऊन चार वर्षे झाली होती, राज्यघटना येऊन एकही पुरते झाले नव्हते. लोलाबाई ४४ वर्षांच्या होत्या, म्हणजे कार्मेनच्या जवळपास समवयस्क, आणि दोघींनी एकाच काळातले शिक्षण, एकाच काळातले प्रवचन, एकाच काळातले ‘मुलीच्या जातीने’ ऐकलेले होते. फरक एवढा की कार्मेनने ते सगळे खरे मानले आणि लोलाबाई पोटासाठी रंगभूमीवर आल्या.

कादंबरी वाचताना माणूस मारियोच्या बाजूचा होतो. मीही झालो होतो. पण कागदावर जे नसते ते रंगमंचावर असते, आणि ते म्हणजे बाईचा आवाज. लोलाबाईंचा आवाज खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत, रोजच्या कुरकुरीसाठी जणू तयार झालेला आहे. त्या कार्मेनला ओरडू देत नाहीत. ती कुरकुर वाणसामान मोजावे तशी करते, आणि म्हणूनच एखाद्या साध्या शब्दावर आवाज जरा अडकतो तेव्हा तो प्रेक्षकाला लागतो. हे मी पुढे ज्या चित्रपटाविषयी सांगणार आहे त्यात आलेल्या नाटकाच्या तुकड्यांवरून म्हणतो. त्या तुकड्यांतली कार्मेन तितकीच हेकट आणि तितकीच कोत्या मनाची आहे, पण मारियोचा मोठेपणा मात्र मला तेवढा मोठा वाटेनासा झाला. गप्प राहणे हा त्याचा मृत्यूनंतरचा गुण नव्हता, ही सवय जुनीच होती, हे त्या आवाजाने कळले.

प्रयोग जोरात चालले होते आणि एके दिवशी प्रयोग चालू असतानाच लोलाबाईंना भोवळ आली. दमणूक असेल असे कोणीही म्हटले असते. मोलिनाबाईंना वेगळी शंका आली: ही अभिनेत्री रोज रात्री कार्मेनच्या तोंडून जे बोलते आहे ते तिचे स्वतःचे होऊ लागले आहे. होसेफिना मोलिना यांच्याविषयी इथे एक सांगायलाच हवे. स्पेनच्या सरकारी चित्रपट विद्यालयातून दिग्दर्शनाची पदविका मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, साल १९६९. पुरुषांनी भरलेल्या त्या व्यवसायात त्यांनी एक असा बेत आखला जो पुरुष दिग्दर्शकाला सुचला असता असे मला वाटत नाही. नाटकातल्या बाईसमोर बोलायला प्रेत आहे. नाटक करणाऱ्या बाईसमोर जिवंत माणूस बसवायचा. तो माणूस म्हणजे दानिएल दिसेंता, वेगळे राहणारा नवरा.

‘फुन्सिओन दे नोचे’ म्हणजे रात्रीचा प्रयोग. स्पेनच्या नाट्यगृहांत त्या काळी दिवसाला दोन प्रयोग करायची रीत होती, संध्याकाळचा आणि रात्रीचा. आठवड्याला एक सुट्टी मिळावी म्हणूनसुद्धा नटांना झगडावे लागले होते. १९८१ च्या या चित्रपटाचा मुख्य भाग एका मेकअपरूममध्ये घडतो. लोलाबाई आणि दिसेंता समोरासमोर बसतात आणि कॅमेरे आरशांच्या मागे दडवलेले आहेत. संवाद कोणी लिहून दिलेले नाहीत. निमित्त आहे ते चर्चच्या न्यायालयात लग्न रद्दबातल ठरवण्याच्या प्रकरणाचे. घटस्फोट नसलेल्या देशात तेवढीच एक खिडकी उघडी होती: हे लग्न मोडले असे न म्हणता, हे लग्न मुळात झालेच नव्हते असे सिद्ध करायचे. दोन मुले वाढवून झाल्यावर.

आरशांमुळे पडद्यावर पुष्कळदा एकाच माणसाचे दोन चेहरे दिसतात, एक प्रत्यक्षातला आणि एक काचेतला. पहिल्यांदा पाहताना मला ती दिग्दर्शिकेची हुशारी वाटली, जरा जास्तच. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की मेकअपरूममध्ये दुसरे काही दिसूच शकत नाही. नटनट्यांचा निम्मा जन्म स्वतःच्या प्रतिबिंबाशी बोलण्यात जातो, आणि इथे ती दोघे एकमेकांना टाळायचे असले की आरशात पाहतात. बोलणे आधी मुलांवर, पैशांवर, जुन्या दिवसांवर रेंगाळते. दिसेंता गोड माणूस आहे, हजरजबाबी आहे, आपली चूक कबूल करण्याचीही त्याची एक ऐट आहे. तो कबूल करतो आणि लगेच त्याचे कारण सांगतो. लोलाबाई ते कारण ऐकून घेतात, थांबतात, आणि पुन्हा त्याच जागी येतात.

मग ते वाक्य येते ज्याने त्या वर्षी स्पेनमध्ये खळबळ माजली. त्या नवऱ्याला सांगतात की या संसारात आपल्याला शरीराचे सुख कधी मिळालेच नाही, मिळाल्याचे आपण नाटक करत आलो. मी उपशीर्षके बंद करून तो भाग पुन्हा ऐकला. मराठीत ‘नाटक करणे’ या शब्दांना दोन अर्थ आहेत आणि दोन्ही तिथे लागू पडत होते, एक धंद्याचा आणि दुसरा लग्नाचा. रंगमंचावर प्रेक्षकांना पटेल असे दुःख उभे करणारी बाई घरात एकाच प्रेक्षकासाठी सुख उभे करत होती, आणि तो प्रेक्षक, स्वतः पिढीजात नट असून, फसला होता. दिसेंतांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येते त्याला मी अभिनय म्हणू शकत नाही.

अर्थात शंका घ्यायला जागा आहे. दोघेही कसलेले कलावंत, आरशामागे काय आहे ते दोघांनाही ठाऊक, मग याला खरे कितपत म्हणायचे? काही लोकांना हा चित्रपट खासगी गोष्टींचे प्रदर्शन वाटतो, आणि आज रोज कोणी ना कोणी कॅमेऱ्यासमोर आतडी काढून दाखवत असताना ती तक्रार मला समजते. पण इथे कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. लोलाबाईंचा राग नवऱ्यापेक्षा स्वतःवर, आणि स्वतःपेक्षा ज्यांनी त्यांना ‘असेच असते’ म्हणून शिकवले त्यांच्यावर आहे. नाटकातल्या कार्मेनला ती पायरी कधीच चढता येत नाही. ज्या व्यवस्थेने तिला उपाशी ठेवले त्याच व्यवस्थेची ती अखेरपर्यंत वकिली करते. लोलाबाईंनी कार्मेनचे शब्द शेकडो वेळा उच्चारले आणि मग तिच्या पुढचे वाक्य स्वतः बोलल्या.

१९८१ हे सालच तिकडे विलक्षण होते. फेब्रुवारीत बंदुका घेऊन सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाचे जवान संसदेत घुसले आणि बंड फसले. जुलैमध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. ऑगस्टमध्ये पिलार मिरो यांचा ‘एल क्रिमेन दे कुएंका’ हा दीड वर्ष अडकवून ठेवलेला चित्रपट प्रदर्शित झाला. सिव्हिल गार्डने केलेल्या छळाचे चित्रण त्यात होते, म्हणून दिग्दर्शिकेवर लष्करी न्यायालयात खटला भरण्यापर्यंत मजल गेली होती. त्यातल्या छळ सोसणाऱ्या दोन निरपराध माणसांपैकी एकाची भूमिका केली होती दानिएल दिसेंता यांनी. एकाच वर्षात, दोन स्त्रियांच्या चित्रपटांत, एकदा छळ सोसणारा आणि एकदा बायकोचे ऐकून घेणारा, असा हा माणूस स्पेनला दिसला. त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. मेकअपरूममधली ती खुर्ची नाकारणे सर्वात सोपे होते, आणि तो येऊन बसला.

त्यानंतरची वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती कामाची वर्षे आहेत आणि कामाची वर्षे सांगताना यादीच होते. २००२ पासून ‘उन पासो आदेलान्ते’ या मालिकेत लोलाबाई नृत्यविद्यालयाच्या कडक संचालिका झाल्या आणि ज्या पोरांच्या आज्यांनी त्यांना कार्मेन म्हणून पाहिले होते ती पोरे त्यांना रस्त्यात ओळखू लागली. त्या संचालिकेचे नाव होते कार्मेन आर्रान्स. आर्रान्स हे लोलाबाईंचे आईकडचे आडनाव. योगायोग की लेखकांची खोडी, कोण जाणे! रंगभूमीवर ‘सोलास’मध्ये मुलगी नतालिया बरोबर होती, ‘एन एल एस्तांके दोरादो’मध्ये एक्तोर आल्तेरिओ समोर होते, ‘आदिक्तोस’च्या लेखनात तर मुलगा दानिएल होता. आणि या सगळ्यांतून दौरे. एका गावात एका रात्रीचा प्रयोग करून दुसऱ्या दिवशी सामान आवरून पुढच्या गावाला जाण्याला तिकडचे नाटकवाले ‘बोलो’ म्हणतात. लोलाबाईंनी ऐंशीनंतरही बोलो केले. नव्वदीच्या उंबरठ्यावर त्या पुन्हा नतालियाबरोबर, अथॉल फुगार्ड यांच्या नाटकात, उभ्या राहिल्या.

मध्यंतरी कार्मेनची खुर्ची दुसऱ्या अभिनेत्रीकडेही गेली. २०१० च्या सुमारास नतालिया मियान यांनी ती भूमिका केली. पण २०१६ मध्ये कादंबरीला ५० वर्षे झाली आणि लोलाबाई परत आल्या. वय ८१. देलीबेस २०१० मध्ये गेले होते. दानिएल दिसेंता २०१४ मध्ये गेले होते. मारियो मात्र अजून ४९ वर्षांचाच होता. जो नवरा एकदा समोरच्या खुर्चीत येऊन बसला आणि बोलला, तोही आता पेटीतल्या माणसासारखाच गप्प झालेला, आणि ही बाई पुन्हा त्याच शब्दांपाशी. त्या प्रयोगांत त्यांच्या मनात काय येत असेल याचा अंदाज बांधणे मला बरे वाटत नाही. एवढे मात्र दिसते की १९७९ मध्ये प्रेक्षक या नाटकात स्वतःचे घर पाहायला येत होते, आणि २०१६ मध्ये नाती आज्यांचे घर पाहायला येत होत्या. त्यांना सेआत ६०० म्हणजे काय हे कोणी तरी सांगावे लागत असणार.

हे सगळे माझ्या डोक्यात घोळत राहिल्यामुळे मी मध्यंतरी त्या स्वगताचा काही भाग, कोणाला दाखवायला नव्हे, स्वतःपुरता, मराठीत करून पाहायला बसलो. पहिल्याच ओळीत अडलो. कार्मेन नवऱ्याला सरळ ‘तू’ म्हणते आणि दर दोन वाक्यांआड त्याचे नाव घेते. १९६६ मधली मराठी मध्यमवर्गीय बाई असे कशी करेल? तिने नवऱ्याचे नाव घेतले ते उखाण्यात. त्याला हाक मारली ती ‘अहो’ म्हणून, आणि तो घरात नसताना त्याचा उल्लेख झाला तो ‘हे’ म्हणून. तिच्या नाटकाला ‘मारियोसोबत पाच तास’ हे नावसुद्धा तिच्या तोंडून देता येणार नाही. मग सगळे ‘अहो’त करून पाहिले. ‘अहो’त कुरकुर छान बसते, कदाचित मूळापेक्षाही छान, पण भांडण बसत नाही. त्या एका अक्षरापुढे बाई दर वेळी पदर सावरून उभी राहते.

आता माझ्या वहीत ती सुरुवात ‘अहो’ने करते आणि रात्री कधी तरी, तिच्याही नकळत, ‘तू’वर येते. ते नेमके कोठे व्हावे यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटच्या कबुलीपाशी ठेवले तर ते फार नाटकी होते, बायबलच्या ओळींपाशी ठेवले तर कृत्रिम वाटते. सध्या ते मी मोटारीपाशी ठेवले आहे.